कण्यातली उत्तरं

बावन्न वर्षांपूर्वी आलेल्या एका पत्राला बाइंडरकाकांनी उत्तर दिलं नव्हतं. उत्तर न दिलेल्या पत्रांची जगात वानवा नाही. लोक विसरतात, आळस करतात, पत्ता हरवतात. काकांच्या बाबतीत यातलं काहीच झालं नव्हतं. पत्र त्यांना तोंडपाठ होतं, आळस अंगात नव्हता, आणि पत्ता हवा असता तर दोन गल्ल्या ओलांडून विचारून येता आला असता.

पत्र दीड पानाचं होतं, फौजेच्या छावणीतून आलेलं. लिहिणारा त्यांचा शाळेतला जिवलग. त्याला सगळे तुफान म्हणत, कारण तो खोलीत आला की काहीतरी पडायचंच. त्याने लिहिलं होतं: इथे भरती होऊन तीन आठवडे झाले. ज्याला परत जायचं असेल त्याला महिनाअखेरपर्यंत सोडतात, नंतर नाही. कॉलेजातली माझी जागाही महिनाअखेरपर्यंत राखलेली आहे. आधी कॉलेज करू की आधी फौज, मला काही समजत नाही. तू एवढी पुस्तकं वाचतोस. तू सांगशील तसं करतो.

तुफानला एक गोष्ट माहीत नव्हती. तो छावणीत गेल्यावर कॉलेजच्या फळ्यावर प्रतीक्षायादी लागली होती आणि त्या यादीत पहिलं नाव काकांचं होतं. तुफान आला तर काका बाहेर. तुफान नाही आला तर काका आत.

काकांनी खोटं काही लिहिलं नाही. त्यांनी काहीच लिहिलं नाही. महिना संपला, तुफान तिकडेच राहिला, आणि एक तारखेला काका कॉलेजात जाऊन बसले.

एवढं करून मिळवलेल्या जागेचं त्यांनी सोनं केलं असतं तर निदान मनाची समजूत तरी घालता आली असती. पण तीन वर्षं साहित्य शिकून ते बेताच्या गुणांनी पास झाले. मास्तरकीच्या मुलाखतीला गेले, दारावरची पाटी वाचली, घाम फुटला आणि आल्या पावली परतले. मग त्याच कॉलेजच्या ग्रंथालयात पुस्तकबांधणीच्या खोलीत जागा निघाली. त्या खोलीत माणसं फारशी येत नसत, पुस्तकं येत. काकांना ते मानवलं. अडतीस वर्षं त्यांनी चिकटवायची खळ शिजवली, पानांचे फर्मे शिवले, पुठ्ठे कापले. निवृत्त होऊनही आता अकरा वर्षं झाली होती, पण गल्लीत त्यांना अजून बाइंडरकाकाच म्हणत.

आता हे सगळं उकरून निघायचं कारण त्यांची नात. तिला घरात बारकी म्हणत. जन्मली तेव्हा मूठभर होती म्हणून. आज ती घरात सगळ्यांत उंच होती आणि माळ्यावरच्या वस्तू काढायला स्टूल घेत नव्हती. बारकीच्या नावाची दोन पत्रं जेवणाच्या टेबलावर मिठाच्या बरणीखाली दाबून ठेवलेली होती. एक फौजेचं: पूल बांधणाऱ्या तुकडीत निवड झाली आहे, दहा तारखेला हजर व्हा. दुसरं कॉलेजचं: भौतिकशास्त्राला प्रवेश मिळाला आहे, दहा तारखेपर्यंत पक्का करा, नंतर जागा पुढच्या नावाला जाईल.

त्या रविवारी दुपारी बारकीची आई ड्युटीवरून आली ती चपला न काढताच टेबलाशी बसली. काकांची ही एकुलती एक मुलगी. अकरा वर्षं ती हाडांच्या वॉर्डात नर्स होती.

“काय ठरलं?” तिने विचारलं.

“अजून सहा दिवस आहेत,” बारकी म्हणाली.

“फौज कुठे पळून जातेय का? तेवीसपर्यंत घेतात म्हणालीस ना? मग शीक आधी. तीन वर्षांनी मी स्वतः तुझी बॅग भरून देते.”

“तू भरलेल्या बॅगेत नुसते स्वेटर निघतात.”

“थट्टा नको करू. माझ्या वॉर्डात वीस-वीस वर्षांची पोरं येतात. एकेकाला चमच्याने भरवते मी.”

“माहितेय, आई. पण मी पूल बांधायला चाललेय.”

“पुलावरनंच पडतात,” आई म्हणाली आणि मग काकांकडे वळली. “बाबा, तुम्ही तरी बोला काहीतरी. ती तुमचं ऐकते.”

काका बशीत सांडलेला चहा पुन्हा कपात ओतत होते. हे काम एरवी क्षणात होतं, पण त्या दिवशी ते पुष्कळ वेळ चाललं.

“तिचं तिने बघावं,” ते म्हणाले. “नीट विचार करून ठरवावं.”

बारकीने हात टेबलावर ठेवले. “आजोबा, मी शाळेत विषय निवडले तेव्हा तुम्ही हेच म्हणालात. केस कापायला गेले तेव्हाही हेच. पप्पांनी तिकडे कामावरून फोनवर मत दिलं, तेही क्रेनवर बसल्या बसल्या. दूधवाल्याने दिलं, त्याला तर कोणी विचारलंही नव्हतं. एक तुमचंच राहिलंय.”

“माझ्या मताचं काय एवढं.”

“ते मी बघीन ना. तुम्ही द्या तर खरं.”

काका उठले आणि कप धुवायला गेले. कप धुऊन झाला तरी नळ चालूच होता. मागे बारकी आईला म्हणाली, “जाऊ दे गं. दगडाला पाझर फुटेल एक वेळ.” ती हळू बोलली होती, पण काकांचे डोळे अधू झाले असले तरी कान शाबूत होते.

बुधवारी बारकी कॉलेजात गेली. एक वर्ष जागा राखून ठेवता येईल का, एवढंच तिला विचारायचं होतं. परत आली ती मोठा खाकी लिफाफा घेऊन. काका खिडकीशी भिंग लावून वाचत बसले होते. तिने टेबल पुसलं, लिफाफा उपडा केला, आणि त्यातून निघालेल्या कागदाच्या पट्ट्या पत्त्यांसारख्या ओळीने मांडायला सुरुवात केली.

काकांनी भिंग खाली ठेवलं. पट्ट्या त्यांनी लांबूनच ओळखल्या.

जाड पुस्तक बांधताना कण्याला आतून कागदाची रुंद पट्टी डकवावी लागते. त्याने पुस्तकाची पाठ ताठ राहते आणि उघडताना मोडत नाही. वर कापड चढलं की ती पट्टी कुणालाही दिसत नाही, पुस्तकाचा जीव असेपर्यंत दिसत नाही. त्यासाठी कोरा कागद कुणी वापरत नाही. जुनी रजिस्टरं, रद्द झालेले फॉर्म, हाताला येईल ते कापतात. काकांच्या हाताला दर वर्षा-दोन वर्षांनी एक अर्धवट पत्र यायचं. जेवणाच्या सुट्टीत ते लिहायला घेत, चार ओळी लिहून थांबत. ते फाडून टाकवत नसे आणि घरीही नेववत नसे. मग ते चार ओळींच्या खाली नेमकं कापून एखाद्या मासिकाच्या बांधीव खंडाच्या पाठीत डकवून टाकत. खंड वाळला की कपाटात जाई, आणि काकांना आठ-पंधरा दिवस बरं वाटे.

“जागा राखत नाहीत म्हणे. पण ग्रंथपाल बाई भेटल्या,” बारकी म्हणाली. “जुने खंड स्कॅन करायला घेतलेत. मशीनखाली पानं सपाट बसत नाहीत म्हणून कणे कापतायत. तीन खंडांत एकाच हातचं अक्षर सापडलं, मग त्यांनी मुद्दाम सगळे तपासले. एकोणीस पट्ट्या निघाल्या. दोन कपाटं अजून बाकी आहेत.”

“बाईंनी वाचलं?”

“‘वाचलं नाही असं सांग,’ म्हणाल्या.” तिने पहिली पट्टी उचलली. “‘प्रिय तुफान, तुझं पत्र मिळालं. उत्तराला साडेतीन वर्षं उशीर झाला, त्याचं वाईट वाटतं.’ ही दुसरी. ‘प्रिय तुफान, उत्तराला नऊ वर्षं उशीर झाला, मध्यंतरी लग्न आणि इतर गडबड होती.’ ही बघा. ‘सव्वीस वर्षं उशीर झाला. मुलीचं ॲपेंडिक्सचं ऑपरेशन झालं.’ आजोबा, हा तुफान कोण? आणि त्याने तुमचं काय घोडं मारलं होतं?”

काका भिंगाची काच पुसायला लागले.

“आणि सगळ्या एकाच जागी थांबतात. ‘खरी गोष्ट अशी की.’ एकोणीस वेळा. पुढे काहीच नाही.” तिने शेवटची पट्टी त्यांच्यासमोर सरकवली. “खरी गोष्ट काय?”

आपण हे कधी कुणाला सांगू असं काकांना वाटलं नव्हतं. बायकोलाही सांगितलं नव्हतं, आणि ती तर न सांगता बरंच ओळखणारी होती. पण एकोणीस पट्ट्या उन्हात पसरलेल्या असताना नाही म्हणायला जागाच उरली नव्हती. त्यांनी सांगितलं. छावणीतलं पत्र सांगितलं, फळ्यावरची यादी सांगितली, महिनाअखेरीची वाट बघत कसे दिवस काढले तेही सांगितलं. तुफान परत येतोय की काय म्हणून रोज संध्याकाळी ते बसस्थानकावर जात, आणि तो बसमधून उतरला नाही की घरी येऊन पोटभर जेवत. हे शेवटचं सांगताना त्यांचा आवाज इतका बारीक झाला की बारकीला पुढे वाकावं लागलं.

ती “असू द्या, आजोबा” म्हणाली नाही. ती म्हणाली, “म्हणजे तुम्ही गप्प बसून जागा घेतलीत.”

“हो.”

“आणि त्यानंतर नुसतेच गप्प बसलात.”

“मला जरा नीट सांगता येतंय का बघतो,” काका म्हणाले. “त्या वेळी माझ्या गप्प बसण्यात माझा फायदा होता. तेव्हापासून माझं मत तोंडाशी आलं की मला वाटतं, ह्यात आपला काहीतरी डाव असणार. मग मी ते गिळतो. तुझ्या आईला नर्सिंगला जाऊ द्यायचं का, तेव्हाही गिळलं. आता तुझ्या वेळी पण तेच.”

बारकीने पट्ट्या गोळा करून एकावर एक ठेवल्या. तिचा राग गेलेला नव्हता, पण तो आता कामाला लागला होता.

“मग डाव पण सांगा,” ती म्हणाली. “मत सांगा आणि त्यात तुमचा फायदा काय तेही सांगा. वजाबाकी मी करते.”

काकांना हे इतकं सोपं वाटलं की त्यांनी संशयाने तिच्याकडे पाहिलं. बावन्न वर्षांत हे सुचलं कसं नाही? त्या पत्रात एवढंच लिहायचं होतं: तू आला नाहीस तर जागा मला मिळते, हे धरून माझं ऐक.

“तू आधी कॉलेज करावंस असं मला वाटतं,” ते म्हणाले.

“बरं. फायदा?”

“तू गेलीस की संध्याकाळी मला वाचून दाखवायला कोणी नाही. तुझी आई रोज दमून येते.”

“एक.”

“मला डाव्या डोळ्याने दिसत नाही. रस्त्यावर तुझा हात धरतो.”

“दोन. ते मला माहीत होतं, तुम्हाला वाटतं तुम्ही लपवता.”

“आणि...” काका अडखळले. “मला त्या कॉलेजची एक जागा परत करायची आहे असं वाटत राहतं. तू तिथे बसलीस, चांगलं शिकलीस, तर ती माझ्यामुळे वाया गेली नाही असं होईल.”

“हे तर अजिबातच नको,” बारकी म्हणाली. “तुमची जागा मी का भरू?”

“म्हणून तर सांगत नव्हतो.”

“आता सांगितलंत ना. हे तीन गेले. खाली काय उरलं?”

काकांनी खूप वेळ विचार केला. उरतंय की नाही याचीच त्यांना शंका होती. “एवढंच उरलं,” ते शेवटी म्हणाले, “की फौजेत हुकूम ऐकावे लागतात. ऐकायला लागायच्या आधी माणसाला दोन-तीन वर्षं उलट प्रश्न विचारायची सवय झालेली बरी. कॉलेजात मी बाकी काही शिकलो नाही, पण दुसरी मुलं ते शिकताना पाहिली.”

“उलट प्रश्न विचारायची सवय मला अजून लागायची आहे असं तुम्हाला वाटतं?”

काका हसले. त्यांना हसू आलं की खांदे हलत, आवाज होत नसे.

“नाही पण हे चांगलं आहे,” बारकी म्हणाली. “कोणीच हे बोललं नव्हतं. सगळे पगार आणि पाय मोडण्याबद्दल बोलतात.” मग तिने शेवटची पट्टी बोटाने ठोकली. “आता ह्यांना लिहा. हयात आहेत ना?”

“आहे. त्याची बहीण... ती कोपऱ्यावरची टेलर.”

बारकी बघतच राहिली. “त्या टेलरबाई? आपण त्यांच्या दुकानापाशी आलो की तुम्ही दर वेळी पलीकडच्या फुटपाथवर जाता. मला वाटायचं तुम्हाला त्यांचं कुत्रं आवडत नाही.”

“कुत्रंही आवडत नाही,” काका म्हणाले.

दुसऱ्या दिवशी दोघं टेलरबाईंकडे गेली. काका आयुष्यात पहिल्यांदा त्या फुटपाथवरून दुकानापर्यंत पोचले. बाई सत्तरीला टेकल्या होत्या, गळ्यात टेप, तोंडात टाचण्या. कोटाला अस्तर लावत होत्या. कुत्रं झोपलेलं होतं.

“बाइंडरकाका,” त्या टाचण्या काढून म्हणाल्या. “वाट चुकलात का?”

काकांनी घरून वाक्य पाठ करून आणलं होतं, ते दारातच सांडलं. शेवटी बारकीच म्हणाली, “आजोबांना तुमच्या भावाला पत्र लिहायचंय. खूप वर्षांपूर्वी त्यांचं एक आलं होतं. कॉलेजला परत येऊ का, असं विचारलेलं. त्याचं उत्तर राहिलंय.”

“तुम्हालाही आलं होतं होय?” बाई म्हणाल्या आणि त्यांनी कोट मांडीवरून उतरवला. “पाच जणांना टाकलं होतं त्याने. मला, आमच्या वडिलांना, हेडमास्तरांना आणि शेजारच्या कंपाउंडरला. चारांचाच हिशेब लागत होता मला. पाचवं कुणाचं ते मी आज ऐकतेय. सगळ्यांना तेच. तुम्ही सांगाल तसं करतो.”

“सगळ्यांना?” काकांनी विचारलं.

“कंपाउंडरने तर सात पानी उत्तर धाडलं, निम्मं पोटाच्या विकारांवर. वडिलांनी एकच ओळ लिहिली. ‘गेलास तर आता राहा.’ राहिला.”

काका शेजारच्या स्टुलावर बसले. बावन्न वर्षं त्यांनी जे ओझं वाहिलं होतं त्यात कंपाउंडरचाही वाटा निघाला होता. हलकं वाटायला हवं होतं आणि वाटतही होतं. पण खोलवर कुठेतरी त्यांचा जरासा अपमानही झाला होता, आणि तो झाल्याची त्यांना लाज वाटली.

“त्यांना परत यावंसं वाटलं का कधी?” बारकीने विचारलं. तिला खरं तर याचसाठी यायचं होतं. “मला परवा हजर व्हायचंय. मला पण कॉलेजात जागा आहे.”

टेलरबाईंनी तिला वरपासून खालपर्यंत पाहिलं, जणू मापच घेत होत्या. “पहिल्या वर्षी रोज वाटायचं. मला लिहायचा. पाचव्या वर्षी आजारी पडला की वाटायचं. पुढे विचारलं तर चिडायला लागला. चांगलं नाव काढलं त्याने तिकडे, माणसं जोडली. वाईट झालं असं मी म्हणणार नाही.” त्या थांबल्या. “पण अजून इकडे आला आणि पुस्तकाचं दुकान दिसलं, की काचेपाशी उभा राहतो. आत जा म्हटलं तर म्हणतो, आपलं तिथे काय काम. तेवढं मला आवडत नाही.”

त्यांनी टाचण्या एकेक करून डबीत टाकल्या.

“त्याने पाच जणांना विचारलं,” बाई बारकीला म्हणाल्या, “आणि स्वतःला काय वाटतं ते एकाही पत्रात नव्हतं. तू तसं करू नकोस बाई. जायचं तर जा, नाही तर नको जाऊ. पण दुसऱ्याच्या तोंडून जाऊ नकोस.”

त्यांनी मापाच्या चिठ्ठीमागे पत्ता लिहून दिला. “मोठ्या अक्षरात लिहा,” काकांना म्हणाल्या. “आमचा तुफान आता काठी टेकत चालतो आणि भिंगाशिवाय त्याला दिसत नाही. तुमच्यासारखाच झालाय.”

घरी येताना काका हळू चालत होते. त्यांना कळत होतं की बाईंनी त्यांना जवळजवळ सोडून दिलं आहे. पण जेव्हा ते बसस्थानकावर रोज जात होते, तेव्हा त्यांना कुठे कंपाउंडर ठाऊक होता? तुफान आपल्या एका शब्दासाठी थांबलाय असं समजूनच त्यांनी तो शब्द दाबून ठेवला होता. सात पानी उत्तराने तेवढी जागा भरून निघत नव्हती.

शुक्रवारी, नऊ तारखेला, सकाळच्या चहाला बारकीने सांगितलं.

“मी जातेय. उद्या हजर होतेय. कॉलेज नंतर करेन, आणि नाही केलं तर ते माझ्यावर. कोणी सांगितलं म्हणून जात नाहीये. मी लहान असताना नदीवरचा पूल वाहून गेला होता आणि आई तीन दिवस पलीकडे अडकली होती. तेव्हा ते लोक आले आणि एका दिवसात लोखंडी पूल टाकून गेले. मला ते यायला हवंय. आणि ते मला आत्ता यायला हवंय, बाविसाव्या वर्षी मी वेगळी असेन.”

आईने पावाला लोणी लावलं, तो पाव बारकीसमोर ठेवला, मग स्वतःच उचलून खाल्ला. डोळे पुसले. “मोजे किती सांगितलेत यादीत?” तिने विचारलं.

बारकीने काकांकडे पाहिलं. “तुमचं मत धरलं होतं हां मी. वजाबाकी करूनही ते भारी होतं. तरी जातेय.”

“धरलंस ना,” काका म्हणाले. “झालं तर मग.” आतून त्यांना रडू येत होतं, पण त्या रडण्यात डाव नव्हता, याची त्यांना बऱ्यापैकी खात्री होती.

दुपारी ती म्हणाली, “मला कॉलेजात जायचंय. चला.”

कॉलेजच्या कार्यालयात जाळीमागे एक कारकून होता. बारकीने जागा सोडत असल्याचा कागद पुढे केला.

“याची गरज नाही,” तो म्हणाला. “उद्या पाचपर्यंत आला नाहीत की आपोआप रद्द होते.”

“मग पुढच्या नावाला कधी समजतं?”

“सोमवारी यादी लावू. मंगळवारी, बुधवारी बघतील.”

“आणि मी आज लिहून दिलं तर?”

कारकुनाने उसासा टाकला. “तर आजच फोन करावा लागेल मला.”

“मग करा ना.”

“पुढचं नाव तुमच्या ओळखीचं आहे का?”

“नाही. पण जे कोणी असेल ते वाट बघत असेल.”

कारकुनाने नाइलाजाने वही उघडली, बोट फिरवलं, नंबर फिरवला. काका जाळीच्या कडेला धरून उभे होते. पलीकडे कुणीतरी फोन उचलला. कारकून निर्विकारपणे म्हणाला, “जागा रिकामी झालेली आहे, उद्या पाचच्या आत या, मूळ कागदपत्रं आणा.” पलीकडून काय बोलले ते ऐकू आलं नाही, पण कारकुनाने रिसीव्हर कानापासून चांगला वीतभर लांब धरला. “अहो, हळू. हो. हो, खरंच. नाही, मी थट्टा कशाला करेन?”

काका भिंतीशी असलेल्या बाकावर बसले. बारकी शेजारी येऊन बसली.

“काय झालं?”

“काही नाही,” ते म्हणाले. “कागद आहे का तुझ्याकडे? रेघा नसलेला.”

ग्रंथालयाच्या वाचनकक्षात, खिडकीजवळच्या टेबलावर, ते लिहायला बसले. ग्रंथपाल बाई एकदा आल्या, त्यांच्या हातात आणखी दोन पट्ट्या होत्या, पण काका लिहितायत हे पाहून तशाच मागे फिरल्या. बारकीला बघायची परवानगी नव्हती. ती समोर बसून फौजेची यादी वाचत होती आणि मधेच वर बघत होती. अक्षर मोठं काढायचं असल्यामुळे एका पानात फार मावत नव्हतं, आणि त्यामुळे पाल्हाळ लावायची सोयच नव्हती.

प्रिय तुफान, त्यांनी लिहिलं, उत्तराला बावन्न वर्षं उशीर झाला. खरी गोष्ट अशी की तू आला नाहीस तर तुझी जागा मला मिळणार होती, आणि मला ते ठाऊक होतं. म्हणून मी गप्प बसलो. तुला पाच जणांची उत्तरं हवी होती असं काल समजलं. तरी माझं राहिलं ते राहिलंच. मी त्या जागेवर शिकलो, पास झालो आणि पुस्तकं बांधली. बरी बांधली. माझी नात उद्या फौजेत जातेय. तिला मी माझं मत सांगितलं, माझ्या स्वार्थासकट, आणि तिने ते ऐकून घेऊन नेमकं उलट केलं. तुला मी हेच द्यायला हवं होतं. तू इकडे आलास की आपण दोघं मिळून पुस्तकाच्या दुकानात जाऊ. मला एकट्याला जायला अजूनही जड जातं.

त्यांनी एकदा वाचून पाहिलं. दोन ठिकाणी बदलावंसं वाटलं. बदललं असतं तर कागद खराब झाला असता, नवा घ्यावा लागला असता, आणि नव्या कागदाचं काय होतं हे त्यांना चांगलं माहीत होतं. त्यांनी घडी घातली.

कॉलेजच्या फाटकासमोरचं पोस्ट पाचला बंद होतं. पाऊण तास होता, तरी काका भरभर चालले. खिडकीतल्या बाईने पाकीट तराजूत टाकलं आणि विचारलं, “साधं की नोंदणीचं?”

“लवकर कसं पोचेल?” काकांनी विचारलं.

“नोंदणीचं. चार दिवस.”

“मग तसं करा.”

बाईने तिकीट लावलं, ठप्पा मारला आणि मागे न बघता पाकीट पाठीमागच्या पोत्यात टाकलं.